जुन्या बॅटरीचं काय करायचं? रिमोटच्या सेलपासून ट्रॅक्टरच्या बॅटरीपर्यंत

“भाऊ, जुनीना कितला भेटतीन?” नवी बॅटरी घ्यायला आलेला माणूस जुनीचे किती मिळतील हा प्रश्न विचारल्याशिवाय दुकानातून उतरत नाही. चोपड्याकडच्या भागात मी बावीस वर्षं गाड्यांचं इलेक्ट्रिक काम आणि बॅटऱ्यांची विक्री केली. ट्रॅक्टरवाले, केळीचे ट्रकवाले, इन्व्हर्टरवाले सगळ्यांनी हे विचारलं. घड्याळातल्या संपलेल्या सेलचं काय करू, असं मात्र त्या सगळ्या वर्षांत मोजक्याच लोकांनी विचारलं.

आपल्याकडची अडचण नेमकी इथे आहे. गाडीच्या बॅटरीत शिसं असतं आणि शिशाला भाव असतो. म्हणून ती कुणी फेकत नाही, पण जास्त भाव देणाऱ्या भलत्याच माणसाच्या हाती ती जाते आणि उघड्यावर फुटते. रिमोटच्या सेलला आणि फुगलेल्या मोबाइल बॅटरीला भाव नाही, म्हणून ती उकिरड्यावर जाते किंवा पाचटाबरोबर जळते. या दोन दुखण्यांची औषधं वेगवेगळी आहेत, म्हणून खाली दोन्ही वेगवेगळी घेतो. एक गोष्ट मात्र सगळ्या प्रकारांना लागू आहे. बॅटरी जोवर अखंड आहे तोवर तिच्यातलं विष तिच्यातच राहतं. फोडायचा अधिकार आणि सोय ज्याच्याकडे आहे, त्याच्यापर्यंत ती जशीच्या तशी पोचवणं एवढंच आपलं काम.

आधी ओळख

एका शेतकरी घरात किती बॅटऱ्या निघतात ते एकदा मोजून पाहा. मोटारसायकल, ट्रॅक्टर, इन्व्हर्टर, फवारणी पंप, रानडुकरांसाठी बांधावर लावलेलं झटका मशीन, मोबाइल, पॉवर बँक, हातातली बॅटरी म्हणजे टॉर्च, भिंतीवरचं घड्याळ, टीव्हीचे दोन रिमोट, पोरांची खेळणी, म्हाताऱ्यांचं कानाचं यंत्र. पंधरा-वीस नग सहज निघतात. विल्हेवाटीच्या दृष्टीने त्यांचे तीनच गट पडतात.

पहिला गट शिसं आणि अ‍ॅसिडवाल्या बॅटऱ्यांचा: दुचाकी, चारचाकी, ट्रॅक्टर, इन्व्हर्टर, बऱ्याच ई-रिक्षा, झटका मशीन आणि जुने फवारणी पंप. हातात घेतली की आकाराच्या मानाने जड लागते, ती याच गटातली. वर झाकणं असोत वा नसोत, आत गंधकाचं पातळ अ‍ॅसिड असतं. पंपाची १२ व्होल्ट ८ एएचची (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) सीलबंद बॅटरी “कोरडी” म्हणून ओळखली जाते, पण तिच्यातही अ‍ॅसिड असतं, फक्त ते काचेच्या कापसात शोषलेलं किंवा जेलसारखं घट्ट केलेलं असतं.

दुसरा गट लिथियमच्या बॅटऱ्यांचा: मोबाइल, लॅपटॉप, पॉवर बँक, इलेक्ट्रिक स्कूटर, सौर पथदिवे आणि अलीकडचे हलके फवारणी पंप. या गटात धोका आगीचा असतो.

तिसरा गट सेलचा: पेन्सिल सेल, बारीक सेल, टॉर्चचे जाड सेल आणि बटन सेल.

कंपनीच्या बॅटरीवर चाकं असलेल्या कचरापेटीचं चित्र आणि त्यावर फुली असते. घरच्या कचऱ्यात ही टाकायची नाही, असा त्या खुणेचा अर्थ. खाली कधी दोन रोमन अक्षरं छापलेली असतात: पीबी म्हणजे शिसं, सीडी म्हणजे कॅडमियम, एचजी म्हणजे पारा.

खरंच बसली आहे का?

माझ्याकडे “बॅटरी बसली” म्हणून येणाऱ्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांची बॅटरी नुसती उतरलेली असायची. म्हणून बदलायच्या आधी तीन गोष्टी बघा.

टर्मिनलवर, म्हणजे वायरी जोडायच्या टोकांवर, पांढरा-हिरवा थर चढला असेल तर वायरी काढून, खाण्याचा सोडा पाण्यात कालवून जुन्या दातब्रशने घासा. धुतलेलं पाणी झाकणांतून आत जाऊ देऊ नका. कोरडं करून वायरी घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा.

झाकणांची बॅटरी असेल तर पाणी बघा. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा दर पंधरा दिवसांनी बघायला हवं. घालायचं ते डिस्टिल्ड वॉटरच. बोअरचं, आरओचं किंवा एसीतून गळणारं पाणी घातलं की त्यातले क्षार आणि घाण आतल्या शिशाच्या प्लेटांवर बसतात.

शेवटी व्होल्ट मोजायचं मीटर लावा. पूर्ण चार्ज करून काही तास तशीच ठेवलेली १२ व्होल्टची बॅटरी साधारण १२.६ दाखवते. रात्रभर चार्ज करूनही १०.५ च्या आसपासच अडकली, तर आतल्या सहा घरांपैकी (सेलपैकी) एक बसलं असं समजा. पाण्याची घनता मोजणारं हायड्रोमीटर असेल तर प्रत्येक घराचं रीडिंग घ्या. पाच घरं १.२५ दाखवतात आणि एकच १.१० वर, म्हणजे ते घर गेलं. मग वॉरंटी कार्डावरची तारीख बघा, मुदत असेल तर दुकानदाराला तसं सांगा.

उन्हाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. २५ अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना शिशाच्या बॅटरीचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. पत्र्याच्या खोलीतला इन्व्हर्टर सावलीच्या, हवेशीर खोलीत हलवला तर तीच बॅटरी एखाद-दोन उन्हाळे जास्त काढते. तेवढीच एक बॅटरी भंगारात उशिरा जाते.

गाडीतून काढताना

इथे क्रम चुकवू नका, म्हणून ओळीने देतो.

१. चावी बंद, लाइट बंद. इन्व्हर्टर असेल तर मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद. जवळ विडी, काडी, अगरबत्ती नको. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्याला एक ठिणगी पुरते.

२. हातातलं कडं, अंगठी, घड्याळ काढा. रबरी हातमोजे आणि चष्मा घाला. अंगावर जुने कपडे ठेवा. अ‍ॅसिडचा थेंब सुती कपड्यावर पडला तर तो लगेच दिसत नाही, धुतल्यावर तिथे भोक पडतं.

३. आधी निगेटिव्हची, म्हणजे बहुतेक वेळा काळी वायर सोडा. गाडीची बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. आधी लाल सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर शॉर्ट होऊन पाना लाल होतो. नवी बसवताना उलट: आधी लाल, शेवटी काळी.

४. बॅटरी सरळ उचला, तिरपी करू नका. १५० एएचची इन्व्हर्टरची उंच बॅटरी पन्नास किलोच्या पुढे असते, ती दोघांनी मिळून उचला.

५. दोन्ही टर्मिनलांवर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवा किंवा चिकटपट्टी गुंडाळा. मेलेल्या बॅटरीतही ठिणगी पाडण्याइतका करंट शिल्लक असतो.

काढल्यावर त्याच दिवशी दुकानात नेली तर उत्तम. ठेवावी लागलीच तर प्लॅस्टिकच्या घमेल्यात, उभी, सावलीत, पोरांचा आणि गुराढोरांचा हात-तोंड पोचणार नाही अशा जागी ठेवा. लोखंडी घमेलं वापरू नका. गोठ्यात तर ठेवूच नका. जनावरं चाटतात, आणि शिशाची विषबाधा झालेलं जनावर वाचवणं अवघड असतं. पावसाळ्याच्या तोंडावर घराबाहेर पडलेल्या बॅटऱ्या आवर्जून हलवा.

अ‍ॅसिड ओतून देऊ नका

ही माझी स्वतःची चूक आहे, म्हणून सविस्तर सांगतो. दुकान नवं होतं तेव्हा भंगार घेणारा म्हणायचा, “पाणी काढून ठेव, कोरडीच घेईन.” वजनात अ‍ॅसिडचे पैसे द्यायला नकोत, हा त्याचा हिशोब. मी बॅटऱ्या दुकानामागच्या नालीवर उलट्या करून ठेवायचो. दोन वर्षांत त्या नालीचं सिमेंट खाऊन खडी वर आली आणि कडेला गवत उगवेना. नाली पुढे नाल्याला मिळत होती आणि नाला तापीला. शेजारच्या घरची लहान पोरं त्याच मातीत खेळायची. ते आठवलं की आजही मन खातं.

बॅटरीचं पाणी म्हणजे नुसतं अ‍ॅसिड नसतं, त्यात शिशाचे कण असतात. अ‍ॅसिड जमिनीत जिरून कालांतराने निवेल. शिसं निवत नाही, कुजत नाही, आहे तिथेच राहतं. पोरांची बोटं मातीत आणि मग तोंडात जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार पोटात गेलेलं शिसं मोठ्या माणसापेक्षा लहान मुलाच्या शरीरात चार ते पाच पट जास्त शोषलं जाऊ शकतं, आणि शिशाचं “इतकं चालतं” असं कुठलंही सुरक्षित प्रमाण नाही. मुलाच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो. अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर शिसं आणखी शोषलं जातं, आणि आपल्याकडे रक्त कमी असलेली मुलं किती आहेत ते अंगणवाडीताईंना विचारा. युनिसेफ आणि प्युअर अर्थ ही संस्था यांच्या २०२० च्या अहवालात जगातल्या साधारण दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात कारवाई करण्याइतकं शिसं असल्याचं म्हटलं होतं. त्यामागच्या मोठ्या कारणांत उघड्यावर फोडल्या आणि वितळवल्या जाणाऱ्या बॅटऱ्या आहेत.

शिसं ३२७ अंशांना वितळतं. लाकडाच्या चुलीवरही ते होतं, म्हणूनच हा उद्योग कुणालाही जमतो. जाळ्याला लावायची वजनं ओतायला म्हणून प्लेटा मागणारे लोक माझ्याकडे येत. त्यांना मी शेवटी नाही म्हणू लागलो. प्लेटांवरचा लेप तापवला की धूर आणि बारीक धूळ उडते, ती चुलीजवळ बसलेल्या बाईच्या आणि कडेवरच्या पोराच्या श्वासातून आत जाते. कुणी असं काम केलेलं असेल आणि पोटात सारखी कळ, अशक्तपणा, हातापायात मुंग्या असा त्रास असेल, तर डॉक्टरांना कामाबद्दल स्पष्ट सांगा आणि रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या. एरवीच्या तपासणीत हे कळत नाही.

रिकाम्या डब्याचंही तेच. त्यात तुळस लावणं, कोंबड्यांना पाणी ठेवणं, दाराला अडसर म्हणून ठेवणं, हे सगळं मी पाहिलं आहे. डबा कितीही धुतला तरी शिशाची भुकटी कोपऱ्यांत राहते. तोही बॅटरीबरोबरच द्या.

चुकून सांडलंच तर त्यावर आधी माती ओढून पसरू देऊ नका, मग भरपूर खाण्याचा सोडा किंवा चुना टाका. फेस येणं थांबेपर्यंत टाकत राहा. मग हातमोजे घालून ती माती जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत भरा, तोंड बांधा आणि बॅटरी देताना ती पिशवीही दुकानदाराला दाखवा. अंगावर उडालं तर सोडा चोळत बसू नका, धार धरून निदान पंधरा-वीस मिनिटं पाण्याने धुवा. डोळ्यात गेलं तर तितकाच वेळ स्वच्छ पाण्याने धुऊन थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

द्यायची कुणाला आणि भाव कसा करायचा

बॅटरीच्या कचऱ्याबद्दल देशात २००१ पासून नियम आहेत, पण ते शिशाच्या बॅटऱ्यांपुरते होते. ऑगस्ट २०२२ मध्ये बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम आले आणि त्यात सगळ्या प्रकारच्या बॅटऱ्या आल्या: घरातल्या हातात मावणाऱ्या, वाहनांच्या, उद्योगांच्या आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या. बॅटरी बाजारात आणणाऱ्या कंपनीवर ती परत गोळा करून पुनर्वापराला पाठवायची जबाबदारी आहे. तुमच्या-आमच्यावर दोन जबाबदाऱ्या आहेत: वापरलेली बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवणं, आणि ती गोळा करणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या किंवा पुनर्वापर करणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे देणं.

व्यवहारात सगळ्यात सोपी वाट म्हणजे नवी घेताना जुनी दुकानातच देणं. नव्या बॅटरीच्या बिलात जुनीची किंमत वजा होते. त्यासाठी घरून निघताना एवढं करा:

जुनी बॅटरी घरच्या वजनकाट्यावर किंवा गावातल्या किराणा दुकानात तोलून घ्या आणि आकडा लिहून ठेवा. तिच्यावरचा एएच आकडाही लिहा. दोन दुकानांत फोन करून “पाण्यासकट, न उघडलेली” म्हणून भाव विचारा. हे शब्द असेच वापरा, म्हणजे नंतर कोरड्याचा आणि ओल्याचा वाद होत नाही. बिलावर जुनी बॅटरी परत घेतल्याची नोंद करून घ्या.

दारावर येणारा भंगारवाला दुकानापेक्षा जास्त सांगेल. तो जास्त का देऊ शकतो ते समजून घ्या. अधिकृत कारखान्यात बॅटरी बंद यंत्रात फुटते, अ‍ॅसिड वेगळं काढून निकामी केलं जातं, तुकडे पाण्यात सोडले की प्लॅस्टिक तरंगतं आणि शिसं तळाला जातं, भट्टीचा धूर गाळला जातो, कामगारांचं रक्त तपासलं जातं. या सगळ्याला खर्च आहे. रानात खड्डा करून भट्टी लावणाऱ्याला यातलं काहीच करायचं नसतं. तो खर्च तो तुमच्या गावाच्या मातीवर आणि आपल्याच मजुरांच्या अंगावर टाकतो, आणि त्यातला थोडा हिस्सा तुम्हाला जास्त भाव म्हणून देतो.

भंगारवाले सगळे तसे नसतात, हेही सांगायला हवं. त्यांच्यातले अनेक जण प्रामाणिकपणे माल गोळा करून पुढे अधिकृत ठिकाणी देतात, आणि त्यांच्याशिवाय खेड्यापाड्यातला माल हलणारच नाही. ओळखायला मी दोन प्रश्न विचारतो: “पाण्यासकट घेता का?” आणि “पावती देता का?” दोन्हीला सहज हो म्हणणारा बहुधा माल अखंड पुढे पाठवतो. “आधी ओतून टाका” म्हणणाऱ्याला देऊ नका.

ई-रिक्षावाल्यांकडे, मोबाइल टॉवरच्या कामात किंवा मोठ्या गोदामात एकदम बऱ्याच बॅटऱ्या निघतात. त्यांनी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या बॅटरी पोर्टलवर नोंद असलेला पुनर्वापर करणारा शोधून थेट बोलणं चांगलं. शंका असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जवळच्या कार्यालयात चौकशी करता येते. उघड्यावर बॅटऱ्या वितळवणारी भट्टी दिसली तर तक्रारही तिथेच करायची.

नेताना बॅटऱ्या उभ्या, एकमेकींना दोरीने बांधून, खाली जुनं गोणपाट आणि त्यावर प्लॅस्टिक टाकून न्या. धान्याच्या, भाज्यांच्या किंवा केळीच्या गाडीत टाकून नेऊ नका.

फवारणी पंप, मोबाइल आणि फुगलेल्या बॅटऱ्या

खान्देशातल्या घरांसाठी हा भाग मला सगळ्यात तातडीचा वाटतो, कारण कापूस. वेचणी झाली की भाव येईपर्यंत कापूस घरातच राहतो. पुढची खोली छतापर्यंत भरते, आणि त्याच खोलीतल्या बोर्डावर पंप किंवा मोबाइल चार्जिंगला लागतो. लिथियमची बॅटरी बिघडली तर ती स्वतःच्या उष्णतेने आणखी तापत जाते आणि मिनिटभरात पेट घेते. जवळ कापूस असेल तर विझवायला वेळच मिळत नाही. कापसाच्या खोलीत कुठलीच बॅटरी चार्जिंगला लावू नका, जुनी बॅटरीही ठेवू नका. रात्री झोपताना पंप चार्जिंगला लावणं बंद करा.

बॅटरी बिघडल्याच्या खुणा: मोबाइलची मागची बाजू उचलली जाणं, पंपाचा पॅक फुगणं, हात लागेना इतकं गरम होणं, गोडसर किंवा नेलपॉलिशसारखा वास. यातलं काही दिसलं तर चार्जर काढा आणि वस्तू बंद करा. फुगवटा दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, टाचणीने भोक तर मुळीच पाडू नका. अंगणात सावलीला फुटक्या माठात किंवा मातीच्या कुंडीत कोरडी वाळू घेऊन त्यात ती ठेवा. वर घट्ट झाकण लावू नका, वायूला वाट हवी. मग दोन-चार दिवसांत ती पोचती करा. महिनोन् महिने तशी ठेवायची नाही. मे महिन्यात पत्र्याखाली किंवा मोटारसायकलच्या डिक्कीत तर नकोच.

पेटलीच तर आधी माणसं बाहेर काढा. धूर विषारी असतो, त्यात तोंड घालू नका. मोबाइलएवढी वस्तू असेल आणि लांबून जमत असेल तर भरपूर पाणी ओता, कारण आतली उष्णता कमी करणं महत्त्वाचं असतं. चार्जिंगला जोडलेली असेल तर पाणी टाकण्याआधी मेन बंद करा. स्कूटरएवढी असेल तर लांब राहा आणि १०१ किंवा ११२ वर फोन करा.

चांगल्या स्थितीतली जुनी लिथियम बॅटरी द्यायची असेल तर ती वापरून जवळजवळ उतरवा, टोकांवर चिकटपट्टी लावा आणि प्रत्येक नग वेगळ्या प्लॅस्टिक पिशवीत ठेवा. मोबाइल, इअरफोन अशा वस्तूंतून बॅटरी सुटत नसेल तर ओढून काढू नका, आख्खी वस्तू ई-कचऱ्यात द्या. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, आणि त्यांतही गोळा करायची जबाबदारी कंपन्यांवर आहे. ब्रँडच्या सर्व्हिस सेंटरला आधी फोन करून विचारा. इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी मात्र विक्रेत्याकडेच परत द्या. स्वस्तात सेल काढून दुसरा पॅक बनवून देणाऱ्याकडे ती नेऊ नका. त्या पॅकमध्ये कुठला सेल किती थकलेला आहे ते बाहेरून कुणालाच दिसत नाही.

या बॅटऱ्या वाया जात नाहीत. कारखान्यात त्या उतरवून, हवेचा संपर्क टाळून दळल्या की काळी भुकटी मिळते. तिच्यातून कोबाल्ट, निकेल, मँगनीज आणि लिथियम काढतात.

ज्यांना भाव नाही ते सेल

लहानपणी आम्ही रेडिओचे सेल संपले की उन्हात ठेवायचो, मग ते रेडिओवरची आणखी एखादी बिनाका गीतमाला ऐकवायचे. अगदीच गेले की दगडाने फोडून मधली कांडी भिंतीवर रेघोट्या मारायला घ्यायची, आणि काळा मसाला पाण्यात कालवून शाळेचा फळा काळा करायचा. गुरुजींनीही तसं करायला सांगितलेलं आठवतं. तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. तो मसाला मँगनीज डायऑक्साइडचा असतो आणि त्याची धूळ फुफ्फुसात जाऊ नये. जुन्या काळच्या सेलमध्ये थोडा पाराही असायचा.

आजच्या साध्या सेलमध्ये पारा जवळपास नसतो, ही चांगली गोष्ट. पण जस्त, मँगनीज आणि खारट-तिखट रसायनं असतातच, आणि उकिरडा पेटवला की सेल तडकतात. ते चुलीत किंवा बंबात टाकू नका.

घरी एवढंच करा. लोणच्याची रिकामी, झाकणाची प्लॅस्टिक बरणी धुऊन पूर्ण सुकवा आणि तिच्यावर “संपलेले सेल” असं लिहून उंच फळीवर ठेवा. पत्र्याचा डबा नको. त्यात सेलची टोकं डब्याला लागून करंट फिरतो. चौकोनी ९ व्होल्टच्या सेलची दोन्ही टोकं एकाच बाजूला असतात, त्यावर चिकटपट्टी लावूनच बरणीत टाका. गळलेला सेल हातमोजे घालून वेगळ्या पिशवीत टाका. अल्कलाइन सेल गळून रिमोटमध्ये पांढरी भुकटी साचली असेल तर कापसाच्या बोळ्याला दोन थेंब लिंबाचा रस लावून ती पुसता येते. मग कोरड्या फडक्याने पुसा आणि हात धुवा. पुन्हा तसं होऊ नये म्हणून कूलर आणि एसीच्या रिमोटमधले सेल दिवाळीला काढून ठेवत जा.

बरणी भरली की जळगाव, धुळे, भुसावळसारख्या शहरांत घंटागाडीवाल्याला सेल वेगळे द्या. घरगुती घातक कचरा वेगळा घेणं २०१६ च्या घनकचरा नियमांत आलं. गाडीवर वेगळा डबा नसेल तर प्रभागातल्या आरोग्य निरीक्षकांना विचारून पालिकेच्या संकलन केंद्रावर नेऊन द्या. विचारणाऱ्यांची संख्या वाढली की डबा लागतो, हे मी एका गावात पाहिलं आहे.

खेड्यात एकेका घराने जाणं परवडत नाही. शाळा हे उत्तम ठिकाण आहे. मुख्याध्यापकांच्या खोलीत एक मोठी प्लॅस्टिकची बरणी ठेवा आणि विज्ञानाच्या गुरुजींकडे तिची जबाबदारी द्या. मुलांनी सेल आणावेत, पण फुगलेल्या मोबाइल बॅटऱ्या आणि गाडीच्या बॅटऱ्या मुलांच्या हाती कधीच पाठवू नका, त्या मोठ्यांनीच न्यायच्या. वर्षातून दोनदा, दिवाळीच्या साफसफाईनंतर आणि मे महिन्यात, ग्रामपंचायतीच्या एखाद्या जळगावच्या खेपेत बरणी पोचवायची. नेण्याआधी घेणाऱ्याला फोन करून किती किलो आहे ते सांगा. एका वहीत तारीख, वजन आणि कुणाला दिलं याची नोंद ठेवा. पुढच्या वर्षी सरपंच बदलले तरी वही राहते.

बटन सेल: हा वेगळाच धोका

खेळणी, कारची चावी, वजनकाटा, गाणारं ग्रीटिंग, लहान टॉर्च यांत नाण्यासारखा चपटा सेल असतो. त्यावर २०३२ असा आकडा असेल तर तो २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड असतो. नेमका हाच आकार लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकतो. ओल्या जागी अडकला की त्यातून करंट वाहतो आणि दोन तासांत आतून गंभीर भाजतं. खेळणं चालवायला कमी पडणारा “संपलेला” सेलही एवढं करू शकतो. त्यामुळे काढलेला बटन सेल टेबलावर, उशीखाली, खिशात ठेवू नका. काढल्या काढल्या दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावा आणि बरणीत टाका.

मुलाने गिळल्याची नुसती शंका असली तरी थांबू नका. उलटी करवू नका, केळं किंवा भाकरी खाऊ घालून खाली ढकलायचा प्रयत्न करू नका. मूल एक वर्षापेक्षा मोठं असेल, गिळून बारा तासांच्या आतली वेळ असेल आणि ते नीट गिळू शकत असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. मध आणायला म्हणून मात्र वेळ घालवू नका. थेट एक्स-रे आणि दुर्बिणीची सोय असलेल्या रुग्णालयात जा. जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. धडगाव-अक्कलकुव्याकडून निघायचं असेल तर १०८ ला फोन करताना “बटन सेल गिळला आहे” हे शब्द पहिल्या वाक्यात सांगा. सेलचं पाकीट किंवा तसाच दुसरा सेल घरात असेल तर बरोबर घ्या, डॉक्टरांना आकडा लगेच कळतो.